खेळाची वही कोणी तपासावी?

महाडच्या बाजारपेठेत किराणा, कापड, भांडी आणि सराफी ही दुकाने पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत. गेल्या काही वर्षांत औषधांच्या व जनरल स्टोअर्सच्या काचेच्या कपाटांत त्यांच्या जोडीला एक नवी वस्तू मानाने विराजमान झाली आहे: प्रथिनांच्या पावडरीचे मोठाले डबे. डब्यावर पिळदार दंडाचे चित्र असते आणि त्याखाली ‘ताकद’, ‘स्टॅमिना’, ‘झटपट परिणाम’ असे शब्द. महामार्गावर थोडे दक्षिणेला गेले की पोलादपूरच्या लहानशा बाजारातही हेच दृश्य. भातकापणी उरकली, दिवाळी झाली की या दोन्ही तालुक्यांतील वाड्या-वस्त्यांवर कबड्डीचे सामने रंगू लागतात. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ ज्या पोलादपूर तालुक्यात आहे, तेथील मुलांना अंगमेहनतीचे वावडे कधीच नव्हते. परंतु आता सामन्याचे बक्षीस मोठे झाले, पोलीस आणि सैन्यभरतीची चुरस वाढली आणि दुकानाच्या पायरीवर येऊन मुलगा हळूच विचारतो, “शेठ, स्टॅमिना वाढवणारं काही आहे का?”

या प्रश्नाचे उत्तर दुकानदार काय देतो, यावर त्या मुलाचे आरोग्य अवलंबून असते आणि दुकानदाराचे व्रतही. हा प्रश्न दिसतो तितका स्थानिक नाही. अमेरिकेतील कोट्यवधी डॉलरच्या बेसबॉलला आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय क्रिकेट नियामक मंडळाला याच प्रश्नाने अनेक वर्षे छळले. दोन्ही ठिकाणी वाद एकाच मुद्द्यावर अडला होता. खेळाडूच्या शरीरात काय आहे याची तपासणी व्हावी हे सर्वांना मान्य होते. ती कोणी करावी, हे मान्य नव्हते.

वही लिहिणारा आणि वही तपासणारा

व्यापारी कुटुंबांना या वादाचे मर्म समजावून सांगावे लागत नाही. ज्याने जमाखर्च लिहिला त्यानेच तो तपासावा, असे कोणतीही पेढी मान्य करीत नाही. बँकेत तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे असतात, रोकड अचानक मोजली जाते आणि लेखापरीक्षक बाहेरून येतो. त्यात रोखपालावर अविश्वास नसतो. उद्या कोणी बोट दाखवले तर त्याची बाजू सुरक्षित राहावी, हाच हेतू असतो.

२२ जुलै २०२१ च्या रात्री सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा दुकानांतील माल आणि चोपड्या एकत्रच भिजल्या. त्यानंतर विम्याचे सर्वेक्षक आले. दुकानदाराने सांगितलेला आकडा त्यांनी तसाच लिहून घेतला नाही. भिजलेला माल पाहिला, बिले मागितली, मोजदाद केली. ज्याचा हिशेब चोख होता त्याला या चौकशीचा राग आला नाही, कारण आपल्या शब्दाला आता त्रयस्थाचा आधार मिळणार हे त्याला ठाऊक होते.

खेळातील उत्तेजक द्रव्यांची चाचणीही याच तत्त्वावर उभी आहे. खेळाडूचा लघवीचा नमुना किमान ९० मिलिलिटर घेतला जातो, तोही त्याच लिंगाच्या अधिकाऱ्याच्या देखत. खेळाडूसमोर तो ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन बाटल्यांत विभागून मोहोरबंद करतात. प्रयोगशाळेला नाव कळत नाही, केवळ क्रमांक कळतो. ‘अ’ नमुन्यात दोष आढळला तर ‘ब’ बाटली उघडताना हजर राहण्याचा हक्क खेळाडूला असतो. बँकेतील दोन किल्ल्यांसारखीच ही रचना: एकाच्या हातात सर्व काही राहू नये.

बेसबॉलची रिकामी वही

बेसबॉल हा अमेरिकेचा क्रिकेटइतकाच लाडका खेळ. क्रिकेटमध्ये षट्काराला जे स्थान, ते तेथे ‘होम रन’ला. १९९४ मध्ये खेळाडूंच्या संपामुळे तेथील अंतिम मालिकाच रद्द झाली आणि प्रेक्षक रुसले. १९९८ मध्ये मार्क मॅग्वायर आणि सॅमी सोसा यांच्यात होम रनची शर्यत लागली. १९६१ पासून अबाधित असलेला एका हंगामातील ६१ होम रनचा विक्रम दोघांनीही मोडला. मॅग्वायरने ७० केले, सोसाने ६६. मैदाने पुन्हा भरली, मालकांची तिजोरी भरली, वृत्तपत्रांचा खप वाढला.

त्याच हंगामात एका पत्रकाराला मॅग्वायरच्या कपाटात एक बाटली दिसली. तिच्यात अँड्रोस्टेनेडायोन हे द्रव्य होते, जे शरीरात गेल्यावर पुरुषी संप्रेरकात रूपांतरित होते. ऑलिम्पिकमध्ये त्यास बंदी होती. बेसबॉलमध्ये नव्हती आणि अमेरिकेतील दुकानांत ते उघडपणे विकले जात होते. बातमी छापून आली, तेव्हा टीका झाली ती बव्हंशी पत्रकारावरच. कोणालाच आनंदात विघ्न नको होते. मॅग्वायरने आपण स्टेरॉइड घेत होतो, अशी कबुली २०१० मध्ये दिली.

वास्तविक १९९१ मध्येच बेसबॉलचे तत्कालीन आयुक्त फे व्हिन्सेंट यांनी क्लबांना पत्र लिहून स्टेरॉइडही निषिद्ध असल्याचे कळविले होते. परंतु चाचणी नसेल तर निषेध कागदावरच राहतो. खेळाडूंची संघटना बलाढ्य होती आणि तिच्या संमतीवाचून चाचणी शक्य नव्हती. संघटनेचा आक्षेप खासगीपणाचा होता: गुन्ह्याचा संशय नसताना माणसाच्या शरीराची झडती का घ्यावी? २००१ मध्ये आयुक्त बड सेलिग यांनी कनिष्ठ श्रेणीत चाचणी सुरू केली, कारण तेथील खेळाडू संघटनेचे सदस्य नव्हते. दुर्बळाची तपासणी प्रथम झाली आणि सबळाची लांबली.

अखेर २००२ च्या करारात तडजोड झाली. २००३ मध्ये निनावी चाचण्या घ्याव्यात, कोणासही शिक्षा होऊ नये. मात्र पाच टक्क्यांहून अधिक नमुने दोषी निघाले तर पुढील वर्षापासून शिक्षेसह चाचणी सुरू व्हावी. चाचणी होणार हे आधी ठाऊक असूनही दोषींचे प्रमाण पाच ते सात टक्क्यांदरम्यान भरले. पुढे अमेरिकेच्या संसदेने मार्च २००५ मध्ये खेळाडूंना आणि अधिकाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारले. त्याच वर्षी शिक्षा वाढली: पहिल्या दोषासाठी ५० सामने, दुसऱ्यासाठी १००, तिसऱ्यासाठी आजन्म बंदी. २०१४ पासून पहिल्या दोन शिक्षा ८० आणि १६२ सामन्यांच्या झाल्या.

डिसेंबर २००७ मध्ये माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांचा चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात ८९ खेळाडूंची नावे होती. तथापि अहवालाचे खरे वजन त्या यादीत नव्हते. आयुक्त, क्लबांचे अधिकारी, खेळाडूंची संघटना आणि खेळाडू या सर्वांचा कमीअधिक वाटा त्याने मान्य केला आणि चाचणीची व्यवस्था स्वतंत्र हाती द्यावी, अशी शिफारस केली.

येथे अनेकान्ताची दृष्टी सोडून चालणार नाही. खेळाडूंची भीती निराधार नव्हती. २००३ च्या निनावी चाचणीची कागदपत्रे २००४ मध्ये सरकारी तपासयंत्रणेने एका वेगळ्या प्रकरणात जप्त केली आणि २००९ मध्ये अ‍ॅलेक्स रॉड्रिग्ज या नामवंत खेळाडूचे नाव त्यातून बाहेर आले. गुप्त ठेवण्याचे दिलेले वचन मोडले गेले. तपासनीस त्रयस्थ असावा, तसाच तो वचनाला जागणाराही असावा, हा धडा त्यातून घ्यावा लागतो.

आपल्या घरचे क्रिकेट

हाच वाद भारतात क्रिकेटमध्ये उभा राहिला. जागतिक उत्तेजक द्रव्य प्रतिबंधक संस्था, म्हणजे ‘वाडा’, १९९९ मध्ये स्थापन झाली. २००५ मध्ये भारतात ‘नाडा’ ही राष्ट्रीय संस्था आली. कुस्ती, भारोत्तोलन, धावणे, कबड्डी अशा सर्व खेळांतील खेळाडू नाडाच्या कक्षेत आले. क्रिकेट मात्र बाहेर राहिले.

२००९ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने निवडक खेळाडूंना आपला ठावठिकाणा आगाऊ कळविण्याचा नियम लागू केला. सामने नसतानाही रोज एक तास आपण कोठे असू, हे खेळाडूने नोंदवायचे आणि चाचणी अधिकारी तेथे केव्हाही येऊ शकेल, असा तो नियम. सचिन तेंडुलकर, महेंद्रसिंग धोनी, झहीर खान यांसारखे खेळाडू त्या यादीत होते. भारतीय खेळाडूंनी त्यास नकार दिला आणि ऑगस्ट २००९ मध्ये मंडळाने त्यांची पाठराखण केली. मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष, नागपूरचे विधिज्ञ शशांक मनोहर यांनी राज्यघटनेने नागरिकाला दिलेल्या खासगीपणाच्या हमीचा दाखला दिला. सुरक्षेचा मुद्दाही होताच. ज्यांना पोलीस संरक्षण द्यावे लागते, त्यांचा ठावठिकाणा कागदावर उतरणे धोक्याचे, असे खेळाडूंचे म्हणणे होते. अमेरिकेतील संघटनेने जे म्हटले होते, तेच शब्द जणू समुद्र ओलांडून आले होते.

या आक्षेपांत तथ्य होते. परंतु जगातील अन्य खेळांचे विजेते तोच नियम पाळत होते. मंडळ आपल्या खेळाडूंची चाचणी करीत असे. नमुने गोळा करण्याचे काम एका परदेशी संस्थेकडे होते. दोष आढळल्यावर कारवाई करणारे मात्र मंडळच होते. वही, शाई आणि शिक्का एकाच गादीवर.

याचा परिणाम विरारच्या पृथ्वी शॉ या मुंबईकर फलंदाजाच्या प्रकरणात दिसला. ऑक्टोबर २०१८ मध्ये राजकोटला पहिल्याच कसोटीत १३४ धावा करणारा हा मुलगा. २२ फेब्रुवारी २०१९ रोजी इंदूरला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेदरम्यान त्याचा नमुना घेतला गेला. त्यात टर्ब्युटलिन आढळले. हे द्रव्य श्वासनलिका मोकळी करणारे असून खोकल्याच्या अनेक पातळ औषधांत असते. वाडाच्या यादीत ते सदासर्वकाळ निषिद्ध आहे. खोकल्यासाठी आपण नकळत औषध घेतले, हे त्याचे स्पष्टीकरण मंडळाने मान्य केले. ३० जुलै २०१९ रोजी आठ महिन्यांची बंदी जाहीर झाली. ती मागील तारखेपासून, म्हणजे १६ मार्चपासून मोजून १५ नोव्हेंबरला संपणार होती. त्या दरम्यानच्या काळात तो आयपीएल खेळून मोकळा झाला होता. युसुफ पठाणच्या बाबतीतही असेच घडले होते. त्याच्या शरीरात तेच टर्ब्युटलिन आढळले, तीच खोकल्याच्या औषधाची हकिकत आणि तशीच मागील तारखेची पाच महिन्यांची बंदी.

पृथ्वीचा हेतू वाईट होता, असे कोणीही म्हटले नाही. तरीही लोकांच्या मनात शंका राहिली आणि त्या शंकेचा सर्वाधिक भार त्या एकोणीस वर्षांच्या मुलावरच पडला. घरातल्याने घरातल्याला दिलेली क्षमा खरी असली, तरी बाहेरच्याला ती खरी वाटत नाही.

निकालानंतर दहाच दिवसांनी, ९ ऑगस्ट २०१९ रोजी, मंडळाने नाडाच्या चाचणीस मान्यता दिली. त्याच महिन्यात आणखी एक घटना घडली. वाडाने दिल्लीतील राष्ट्रीय चाचणी प्रयोगशाळेचीच मान्यता, काम निकषांनुसार होत नसल्याचे आढळून आल्याने, निलंबित केली. नमुने परदेशी प्रयोगशाळांकडे पाठवावे लागले आणि मान्यता परत मिळण्यास डिसेंबर २०२१ उजाडला. तपासनीसाचीही तपासणी झाली, हे लाजिरवाणे असले तरी व्यवस्था जिवंत असल्याचे ते लक्षण होते.

महाराष्ट्राच्या कुस्तीनेही हा धडा सोसला आहे. सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकसाठी निवडला गेला होता. स्पर्धेपूर्वी त्याच्या नमुन्यांत मेथँडिएनोन हे स्टेरॉइड सापडले. आपल्या अन्नपाण्यात कोणी तरी ते मिसळले, असे त्याने सांगितले आणि नाडाच्या समितीने १ ऑगस्टला त्यास निर्दोष ठरविले. वाडाने त्याविरुद्ध क्रीडा लवादाकडे दाद मागितली. लवादाला ते स्पष्टीकरण पटले नाही आणि कुस्तीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला, चार वर्षांची बंदी आली. खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्यास तोच जबाबदार, हा या नियमांचा कठोर पाया आहे. तो कठोर असल्यामुळेच खेळाडूच्या हाती बाटली देणाऱ्याची नैतिक जबाबदारी अधिक वाढते.

कृत, कारित, अनुमोदित

जैन आचारात पापाची तीन द्वारे मानली आहेत: स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि करणाऱ्यास अनुमोदन देणे. उत्तेजक द्रव्यांच्या प्रश्नाला ही त्रयी नेमकी लागू पडते. घेणारा खेळाडू पहिल्या द्वाराशी उभा आहे. पुरवणारा प्रशिक्षक, विक्रेता आणि डोळेझाक करणारा मालक दुसऱ्याशी. आणि १९९८ च्या त्या उन्हाळ्यात बाटली पाहूनही टाळ्या वाजवणारे लाखो प्रेक्षक तिसऱ्याशी. मिचेल यांच्या अहवालाने जी जबाबदारी वाटून दिली, ती आपल्या आचार्यांनी फार पूर्वीच वाटून ठेवली आहे.

अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत खोटी वजनमापे, राज्याच्या नियमांचे उल्लंघन आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे भेसळ अथवा एका वस्तूच्या नावाखाली दुसरी वस्तू देणे, यांची गणना होते. श्वेतांबर परंपरेत श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य सांगितले आहे. औषध हे योग्य हाती अमृत आणि अयोग्य हाती विष ठरते. म्हणूनच औषधाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या श्रावकाने या व्रतांचा अर्थ आजच्या मालाला लावून पाहिला पाहिजे.

आज धोका कोठे आहे? भारतातील आकडे सुखावह नाहीत. वाडाच्या अहवालानुसार २०२३ मध्ये भारतात ५,६०६ नमुने तपासले गेले आणि त्यांपैकी २१४ मध्ये निषिद्ध द्रव्ये आढळली, म्हणजे ३.८ टक्के. ज्यांची चाचणीच होत नाही असे तरुण या आकड्यांत नाहीतच. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब सावरण्यासाठी वापरले जाणारे मेफेंटरमाइनचे इंजेक्शन व्यायामशाळांतील मुलांना विकणाऱ्यांवर पुण्यासह राज्यातील काही शहरांत पोलिसांनी कारवाया केल्या आहेत. त्याच्या गैरवापराने रक्तदाब आणि हृदयाची लय बिघडते. स्टेरॉइडमुळे यकृत व हृदयावर आघात होतो, प्रजननक्षमता घटते आणि वाढत्या वयातील मुलाची उंची वेळेआधीच खुंटू शकते.

गल्ल्यावरचा तपासनीस

गावातील कबड्डीच्या सामन्याला नाडाचा अधिकारी येत नाही. भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या मुलाचा नमुना कोणी घेत नाही. त्या मुलाच्या आणि त्या बाटलीच्या मध्ये एकच माणूस उभा असतो, तो दुकानदार. क्रिकेटमध्ये बाहेरचा तपासनीस हवा होता. येथे दुकानदारच तो बाहेरचा तपासनीस आहे, आणि विक्रीत त्याचाच नफा असल्याने त्याची कसोटी अधिक अवघड आहे.

ही कसोटी उतरण्यास फार विद्वत्ता लागत नाही. स्टेरॉइड ‘शेड्यूल एच’मध्ये मोडतात, डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती देणे कायद्याने निषिद्ध आहे. खोकल्याचे औषध मागणारा तरुण धष्टपुष्ट दिसला, तर तो स्पर्धेत खेळतो का, एवढे विचारावे आणि खेळत असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगण्यास बजावावे. खरोखर गरज असलेल्या खेळाडूला उपचारासाठी अधिकृत सवलत मागता येते. औषधातील घटक निषिद्ध आहे काय, हे पाहण्यासाठी नाडाने ‘नो युअर मेडिसिन’ हे मोबाइल अ‍ॅप उपलब्ध करून दिले आहे. पावडरीच्या डब्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक आणि आपल्याकडे खरेदीचे पक्के बिल नसेल, तर तो डबा कपाटात ठेवूच नये. परवाना असलेला डबाही निर्भेळच असेल याची शाश्वती नसते, हे गिऱ्हाइकाला स्वच्छ सांगावे.

जैन घरांना वेष्टन वाचण्याची सवय नव्याने लावावी लागत नाही. बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका शोधणारी, कॅप्सूलमध्ये जिलेटिन तर नाही ना असे विचारणारी, चटणीत लसूण आहे का हे पाहणारी आपल्या घरची गृहिणी ही या बाबतीत देशातील सर्वांत दक्ष ग्राहक आहे. हीच नजर मुलाच्या व्यायामशाळेच्या पिशवीवर पडली, तर पुष्कळ अनर्थ टळतील. आपलीही मुले आता व्यायामशाळेत जातात, क्रिकेटच्या शिबिरांना जातात. धोका केवळ पायरीवर येणाऱ्या मुलाला आहे, असे समजण्याचे कारण नाही.

एक डबा न विकल्याने होणारे नुकसान काही शे रुपयांचे असते. शेजारचा दुकानदार तो विकेल, हा युक्तिवादही खोटा नाही. अमेरिकेतील प्रत्येक क्लब आणि भारतातील प्रत्येक खेळ बहुधा याच युक्तिवादाने थांबून राहिला होता. पण पेढीची पत ही अशा न केलेल्या विक्रीतूनही साठत जाते. “शेठ, स्टॅमिना वाढवणारं काही आहे का?” असे विचारणाऱ्या मुलाला, “पोटभर डाळभात खा, दूध पी, रोज धाव आणि वेळेवर झोप; बाकी माझ्याकडे काही नाही,” असे सांगणाऱ्या दुकानदाराची वही कोणी तपासली नाही, तरी ती स्वच्छच निघेल. पर्युषणातील प्रतिक्रमणात वर्षभराच्या अतिचारांची आलोचना करताना, यंदा आपल्या कपाटातील डब्यांकडेही एकवार पाहून घ्यावे.